कॅमेऱ्याची स्टेपनी

कुठल्याही आयटी पार्कच्या कँटीनमध्ये जरा कान देऊन बसा. एका टेबलावर होम लोनचा रेट, दुसऱ्यावर अप्रेझल आणि तिसऱ्यावर हमखास ताडोबा! 'मोहर्ली गेटचं बुकिंग मिळालं का?' 'कोलाऱ्याला सायटिंग कसं आहे?' सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीटमध्ये मान घालून बसणारी मंडळी शनिवारी पहाटे चारला उठून भिगवणला फ्लेमिंगो बघायला पळतात आणि वर्षातली चार-पाच दिवसांची रजा फक्त जंगलासाठी राखून ठेवतात. मीही त्यातलीच. फरक एवढाच, की फ्रीलान्सरला रजा नसते. काम नसलं की आपोआप रजाच असते!

या मंडळींशी लेन्सबद्दल बोला, तासभर हलणार नाहीत. १५०-६०० घ्यावी की २००-५००, टॅमरॉन की सिग्मा, सगळं तोंडपाठ. पण 'बॅकअप बॉडी कुठली?' असं विचारा, की टेबलावर शांतता. मग कोणीतरी म्हणतं, 'अगं, पहिल्याचेच हप्ते फिटायचेत अजून!'

मान्य. एकदम मान्य. पण गाडी काढून कोकणात निघताना डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे ना, हे बघतोच की आपण. स्टेपनीला कोणी अलॉय व्हील लावत नाही, तिला कोणी पॉलिशही करत नाही. ती स्वस्त असली तरी चालते, जुनी असली तरी चालते. अट एकच. ती आपल्याच गाडीच्या नटबोल्टवर बसली पाहिजे. शेजाऱ्याच्या गाडीची कितीही भारी स्टेपनी फुकट मिळाली, तरी घाटात तिचा उपयोग शून्य.

बॅकअप बॉडीचा अख्खा फंडा एवढाच आहे. बाकी सगळा तपशील. पण पैसे त्या तपशिलातच जातात, म्हणून आज जरा सविस्तर.

एका बॉडीवर का भागत नाही?

ताडोबाचाच हिशेब मांडू. कोअर झोन जुलै ते सप्टेंबर बंद. उरलेल्या महिन्यांत दर मंगळवारी बंद. वाघ दिसायचे चान्सेस उन्हाळ्यात जास्त, कारण पाणवठे आटत जातात आणि सगळं जंगल उरलेल्या पाण्यापाशी येतं. म्हणून एप्रिल-मेच्या बुकिंगसाठी महिनोन्‌महिने आधी झुंबड. पुण्या-मुंबईहून रात्रभराचा प्रवास, रिसॉर्ट, जिप्सी, गाइड, गेटची फी. एवढं सगळं करून चार सफारी पदरात पडल्या, तर जंगलात मिळतात जेमतेम पंधरा तास. त्यातला वाघ समोर असण्याचा वेळ मिनिटांत मोजायचा.

माझा एक मित्र हिंजवडीला नोकरी करतो. मे महिन्यात चार सफारींचं बुकिंग मिळवलं, बॉसला कसंबसं पटवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटमधून आत शिरून अर्धा तास झाला असेल, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एरर. बॅटरी काढली, घातली. लेन्स काढली, रुमालाने कॉन्टॅक्ट पुसले, पुन्हा लावली. शटर अडकलं ते अडकलंच. गाइड म्हणाला, 'साहेब, आता नागपूरला नेऊनच दाखवा.' आणि वीसेक मिनिटांनी बांबूतून वाघीण बाहेर आली. मागे दोन बच्चे. तिघं निवांत पाण्यावर बसली. मोबाइलने काढावा तर कोअरमध्ये मोबाइलला बंदी, तो गेटवरच जमा.

'डोळ्यांनी तर पाहिलंस ना? ते काय कमी आहे?' मी नंतर त्याची समजूत घालायला गेले. तो म्हणाला, 'नुसतं डोळ्यांनी बघायचं असतं, तर एवढी मोठी लेन्स मांडीवर घेऊन कशाला बसलो असतो?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेल्या अडीच सफारी त्याने दुसऱ्यांचे कॅमेरे खडखडताना ऐकत काढल्या.

हे कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्याचं होऊ शकतं. शटर हा यांत्रिक भाग आहे, तो झिजतो. वर मे महिन्याचं ऊन, जिप्सीचे धक्के आणि ताडोबाच्या वाटांवरची पिठासारखी धूळ. निकॉन डी५०० आणि कॅनन ७डी मार्क टू या दोन्हींचं शटर २ लाख क्लिक्ससाठी टेस्ट केलेलं आहे. आकडा मोठा वाटतो. आता गणित करा. सेकंदाला १० फ्रेम मारणारा कॅमेरा हातात असला, की एका सफारीत दीड हजार क्लिक्स सहज होतात. चार सफारी म्हणजे सहा हजार. वर्षाला अशा पाच ट्रिपा करणारा वेडा माणूस सहा-सात वर्षांत २ लाखांपाशी पोचतो. तुम्ही तोच कॅमेरा ८० हजार क्लिक्स झालेला सेकंडहँड घेतला असेल, तर चारच वर्षांत! शिवाय २ लाख ही गॅरंटी नव्हे. शटर आधीही जातं, नंतरही जातं. कधी जाईल ते मात्र सांगून जात नाही.

स्पेअर की सेकंड?

दुसऱ्या बॉडीचे दोन उपयोग असतात आणि ते वेगळे आहेत. एक, स्पेअर. म्हणजे बॅगेत पडून राहणारी, मेन कॅमेरा गेला तरच बाहेर येणारी. दोन, सेकंड. म्हणजे मांडीवरच असणारी, छोटी लेन्स लावलेली.

ताडोबात गेलेल्यांना हे लगेच कळेल. इथले वाघ बिनधास्त रस्त्यावरून समोरून चालत येतात. ५०० मिमी लेन्स क्रॉप सेन्सरच्या निकॉनवर ७५० मिमीचा अँगल देते. वाघ शंभर मीटरवर असताना मजा, पंधरा मीटरवर आला की फ्रेममध्ये फक्त नाक आणि मिशा! तेव्हा लेन्स बदलायला गेलात, तर वाघही जातो आणि उघड्या सेन्सरवर धूळही बसते. दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० किंवा साधी ७०-३०० तयार असेल, तर अख्खा वाघ, मागचं जंगल आणि रस्ता, सगळं मिळतं.

आता बजेट टाइट असल्यावर दोन्ही कामं एकाच बॉडीने करायची आहेत. म्हणून निवडताना तिची परीक्षा छोट्या लेन्सवर घेऊ नका. छोट्या लेन्सवर सगळेच कॅमेरे शहाण्यासारखे वागतात. प्रश्न हा आहे, की मेन कॅमेरा गेल्यावर तुमची एकमेव मोठी लेन्स ही बॉडी पेलेल का?

नटबोल्ट जुळतात का?

पहिला नट, माउंट. ऐकायला बाळबोध वाटतं. पण माझ्या ओळखीतल्या एकीने सेलमध्ये दुसऱ्याच कंपनीची मस्त बॉडी उचलली, सोबत किट लेन्स. स्वस्त मिळाली, चांगलीही आहे. पण तिची ६०० मिमी लेन्स त्यावर बसत नाही. म्हणजे तिच्याकडे आज दोन कॅमेरे आहेत आणि बॅकअप एकही नाही.

एकाच कंपनीतही भानगडी आहेत. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून नव्या आर सीरिजच्या मिररलेसवर छान चालतात, ऑटोफोकससकट. उलटं होत नाही. आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनमध्येही तेच. एफ माउंटची लेन्स एफटीझेड ॲडॉप्टरने झेड कॅमेऱ्यावर जाते, झेडची लेन्स मागे येत नाही. म्हणजे तुमचा मेन कॅमेरा मिररलेस आणि मोठी लेन्सही नव्या माउंटची असेल, तर स्वस्तात मिळणारा जुना डीएसएलआर तुमच्या कामाचा नाही. कितीही स्वस्त असला तरी!

अजून एक छुपी भानगड. निकॉनची लाडकी २००-५०० लेन्स २०१५ साली आली. तिचं ॲपर्चर इलेक्ट्रॉनिक सिग्नलवर चालतं. ती २००८ च्या डी९० वर लावली, तर बसते, फोकसही करते, पण ॲपर्चर बदलता येत नाही. आठ-दहा हजारांत मिळते म्हणून एखादी फारच जुनी बॉडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा नट, बॅटरी. याकडे कोणी बघत नाही आणि जंगलात पहिली पंचाईत इथेच होते. निकॉनचे डी७२००, डी७५००, डी५००, डी८५० हे सगळे ईएन-ईएल१५ घराण्यातल्या बॅटरीवर चालतात. कॅननचे ७डी मार्क टू, ८०डी, ९०डी, ५डी मार्क फोर, शिवाय मिररलेसमधला आर७ हे एलपी-ई६ घराण्यातले. एकच चार्जर, बॅटऱ्यांची अदलाबदल, खेड्यातल्या लॉजच्या एकुलत्या एका प्लगवर भांडण नाही. याउलट कॅनन आर१० ला एलपी-ई१७ लागते आणि निकॉन झेड५० टू ला ईएन-ईएल२५ घराण्यातली. सोनीच्या ए६७०० ची बॅटरी ए७ फोरचीच आहे, पण ए६४०० ची वेगळी. हे कॅमेरे वाईट नाहीत. फक्त त्यांच्या किमतीत दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर मिळवा, मग तुलना करा.

तिसरा नट, कार्ड. डी५०० मध्ये एक एक्सक्यूडी आणि एक एसडी, ७डी मार्क टू मध्ये एक सीएफ आणि एक एसडी. दोन्ही बॉडींत चालणारं कार्ड एसडीच. म्हणून चांगल्या स्पीडची दोन एसडी कार्डं जवळ असली, की टेन्शन नाही.

चौथा नट, बोटं. वाघ समोर असताना माणूस विचार करत नाही, बोटं विचार करतात. ज्या बटणावर अंगठा ठेवून फोकस करायची सवय आहे, ते बटण दुसऱ्या बॉडीवर त्याच जागी हवं, किंवा तिथल्या एखाद्या बटणाला ते काम देता यायला हवं. उदाहरणार्थ, कॅनन आर७ चं मागचं डायल जॉयस्टिकभोवती आहे, इतर कॅननसारखं खाली नाही. सवयीने होतं, पण सवय आधी घरी करायची, जिप्सीत नाही.

पाचवा, बफर. सेकंदाला किती फ्रेम हे सगळे विचारतात, किती वेळ हे कोणी विचारत नाही. डी५०० सलग २०० रॉ फ्रेम घेते, डी७५०० साधारण ५०. आणि २०१३ ची डी७१००? फोटो सुंदर, पण १४-बिट रॉवर तिला सेकंदभरातच धाप लागते. स्थिर बसलेल्या घुबडासाठी उत्तम. पण उजनीच्या पाण्यावर सूर मारणाऱ्या पक्ष्यासाठी नको.

कोणी काय बघावं?

आधी एक चांगली बातमी. कॅनन आणि निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. लोक धडाधड मिररलेसकडे चाललेत आणि त्यांच्या जुन्या बॉड्या बाजारात येतायत. ज्या कॅमेऱ्यांकडे आपण दुकानाच्या काचेतून बघायचो, ते आता आपल्या बजेटमध्ये! तोटाही सांगायला हवा. बंद झालेल्या मॉडेल्सचे पार्ट्स कायम मिळत राहणार नाहीत. पण बॅकअप बॉडीकडून आपल्याला तीन-चार वर्षं हवीत, जन्मभराची सोबत नको.

मेन कॅमेरा निकॉन डीएसएलआर असेल, तर डी७२०० (२०१५) सगळ्यात किफायतशीर. २४ मेगापिक्सेल, सेकंदाला ६ फ्रेम, दोन एसडी स्लॉट. थोडे जास्त पैसे असतील तर डी७५०० (२०१७). ८ फ्रेम आणि डी५०० मध्ये आहे तोच २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर. कार्ड स्लॉट मात्र एकच. आणि खुद्द डी५००? २०१६ चा हा कॅमेरा २०२२ मध्ये बंद झाला, पण उडत्या पक्ष्यांसाठी आजही त्याचं नाव घेतात. तो चांगल्या भावात मिळाला, तर त्याला मेन करा आणि आत्ताच्या मेनला बॅकअप.

कॅनन डीएसएलआर असेल, तर २०१४ ची ७डी मार्क टू. २० मेगापिक्सेल, १० फ्रेम, ६५ फोकस पॉइंट्स, दणकट बॉडी. अंधुक उजेडात नॉइज लवकर येतो, हे गृहीत धरा. २०१९ ची ९०डी घेतली तर ३२.५ मेगापिक्सेल मिळतात, म्हणजे लांबच्या पक्ष्याला क्रॉप करायला भरपूर जागा.

मेन कॅमेरा मिररलेस असेल, तर बॅकअपही मिररलेसच. कॅननवाल्यांनी २०२२ चे दोन कॅमेरे बघावेत. आर१० हलका आणि स्वस्त, आर७ मध्ये दोन कार्ड स्लॉट आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन. दोन्ही मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम मारतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर त्याहून जास्त, पण तिथे वेगाने फडफडणारे पंख वाकडे दिसू शकतात. निकॉनवाल्यांना २०२४ चा झेड५० टू, सोनीवाल्यांना २०२३ चा ए६७००. हे सगळे पक्षी-प्राणी ओळखून डोळ्यावर फोकस धरतात.

फुलफ्रेमवाल्यांना क्रॉप सेन्सरच्या बॅकअपचा एक बोनस आहे, रीच. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर क्रॉप मोड लावला, तर हातात साधारण १० मेगापिक्सेल उरतात. क्रॉप बॉडीवर तेवढ्याच फ्रेमसाठी पूर्ण २० किंवा २४ मिळतात. सकाळच्या पहिल्या उजेडात फुलफ्रेम, ऊन वर आल्यावर पक्ष्यांसाठी क्रॉप. दोघांनाही काम.

माझा हिशेब

माझ्याकडे डी५०० आणि २००-५०० आहे. दोन्ही सेकंडहँड. फोटो आणि लेख मिळून माझं घर चालतं, त्यामुळे कॅमेरा बंद पडला तर नुसती वाघीण जात नाही, त्या महिन्याचं भाडंही जातं. बॅकअपसाठी बाजूला काढलेले पैसे होते ४० हजार, तेही दोन ठिकाणचे अडकलेले चेक आल्यावर.

यादीत तीन नावं होती. डी७२००, डी७५०० आणि एफटीझेड लावून झेड५० टू. तिसऱ्यावर मन जाम अडकलं होतं. पक्ष्याचा डोळा स्वतः शोधणारा कॅमेरा कोणाला नको? पण ॲडॉप्टर वेगळा, बॅटऱ्या वेगळ्या आणि एकूण आकडा बजेटच्या कितीतरी बाहेर. शिवाय तो घेतला असता, तर तो बॅकअप राहिलाच नसता, आठवड्यात मेन झाला असता. ती खरेदी वेगळी, तिच्यासाठी पैसे साठवणं वेगळं.

डी७२०० आणि डी७५०० मध्ये मी डी७५०० घेतली. कारण सेन्सर तोच, त्यामुळे दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइल्सचा रंग जुळतो आणि एडिट करताना वेळ वाचतो. पैसे फोटोचे मिळतात, एडिटिंगच्या तासांचे नाहीत! बॅटरी तीच. वेगळं एएफ-ऑन बटण नाही, पण एई-एल बटणाला ते काम देता येतं; दहा मिनिटांत दिलं. एकच कार्ड स्लॉट, ही खरी उणीव. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक सफारीनंतर कार्ड लॅपटॉपवर उतरवते, जेवणाच्या आधी.

भिगवणला पहिल्यांदा नेली, तेव्हा मुद्दाम डी५०० बॅगेत ठेवली. बोटीतून सकाळभर फक्त डी७५०० आणि मोठी लेन्स. उडते फ्लेमिंगो मिळाले. वेगात वळणाऱ्या सुरय पक्ष्यांचे डी५०० वर मिळाले असते त्यापेक्षा कमी मिळाले. चालेल. स्टेपनीवर आपण रेस लावत नाही, घरी पोचतो.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा, नाहीतर ओळखीच्या माणसाकडून घ्या, पण तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. लाजू तर अजिबात नका. अर्धा तास लागतो.

• तुमची मोठी लेन्स सोबत न्या. दुकानातल्या किट लेन्सवर टेस्ट म्हणजे लग्नाआधी फक्त फोटो बघणं. टॅमरॉन-सिग्माच्या लेन्स ॲडॉप्टरवर लावणार असाल तर हे मस्टच, काहींना फर्मवेअर अपडेट लागतो.

• शटर काउंट बघा. निकॉनमध्ये ताज्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा सापडतो. कॅननमध्ये सहसा सापडत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. विकणाऱ्यालाच काढून दाखवायला सांगा.

• एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून झूम करा. धुळीचे ठिपके साफ होतात, ओरखडे होत नाहीत.

• लेन्सची कॅप लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर द्या. काळ्यात चमकणारे लाल-निळे ठिपके मोजा.

• सगळी बटणं, दोन्ही डायल, सगळे कार्ड स्लॉट. कार्ड भरेपर्यंत एकदा खडखडवा.

• स्क्रूची डोकी बघा. घासलेली असतील, तर कॅमेरा उघडला गेलाय. कोणी आणि का, ते विचारा.

• बॅटरीचं वय मेनूमध्ये दिसतं. निकॉनमध्ये ० म्हणजे नवी, ४ म्हणजे निवृत्त. कॅननमध्ये हिरव्या पट्ट्या मोजा.

• बिल घ्या. बॉडीवरचा सीरियल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा. चोरीचा माल स्वस्तच असतो.

नवा घेत असाल, तर बिलाशिवाय 'दोन पैसे कमी'चा मोह टाळा. ग्रे मार्केटच्या मालावर भारतातली कंपनीची वॉरंटी मिळत नाही. आणि बॅकअपलाच बॅकअप लागला, तर काय करणार?

न घेण्याचा ऑप्शन

आता गंमत. इतकं वाचून तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी काहीच घेऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वर्षातून एक-दोनदाच जंगलात जात असाल, तर भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत कॅमेरे भाड्याने देणारे भरपूर आहेत. समजा, दिवसाला हजार रुपये धरले, तर पाच दिवसांच्या दोन ट्रिपांचे झाले दहा हजार. ५० हजारांच्या बॉडीचे पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागतील. आणि भाड्याने घेताना आपल्याच मेन बॉडीचं मॉडेल मागा. नवीन काही शिकायला नको!

आणि नवीन मेन कॅमेरा घ्यायच्या बेतात असाल, तर दुकानदाराच्या एक्स्चेंज ऑफरला हसून नाही म्हणा. तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचे तो देईल ते पैसे बघा आणि त्याच पैशांत तितका ओळखीचा, तितका विश्वासाचा दुसरा कॅमेरा मिळेल का, ते बघा. मिळत नाही. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. त्याचं कुठलं बटण कधी कुरकुरतं, तेही माहीत आहे. तुमची लेन्स त्यावर बसते. त्याचा हप्ताही फिटलाय. बहुतेकांची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली बॅकअप बॉडी त्यांच्या कपाटातच असते.

दोन कॅमेरे घेऊन निघताना दोन्हींचं घड्याळ एकदा जुळवा, नाहीतर फोटो वेळेनुसार लावताना वाघ आधी पाणी पिऊन मग पाण्याकडे चालत येतो. उशीचे दोन जुने अभ्रे घ्या, जिप्सीत धुळीपासून कॅमेरे झाकायला. आणि निघायच्या आदल्या रविवारी तासभर फक्त बॅकअप बॉडी घेऊन बाहेर पडा. सोसायटीतली कबुतरं, कावळे, समोरच्या झाडावरची खार, काहीही चालेल.

डिकीतल्या स्टेपनीतली हवा घाटाच्या आधीच बघायची असते.